उंबरठ्याची ओळख

मिरजेच्या निवारा केंद्रात पाऊल टाकताच द्वारकाबाईंनी सवयीनं सुरुवात केली, "नवरा गेला, दिरानं घराबाहेर काढलं, कागद जळाले..."

"मावशी, राहू द्या," टेबलामागची रेहाना म्हणाली. "सोलापूरच्या केंद्रात सांगितलंत ना? आता पुन्हा सांगायचं नाही. महापालिकांनी पैसे घातले, सगळ्या केंद्रांच्या नोंदी जोडल्या आणि त्यांची आठवण एक झाली. तुमचं पाऊल पडलं, की उंबरठाच ओळखतो."

रेहानानं दाखवलेली खाट मुद्दाम दाराशी लावलेली होती. बंद खोलीत त्यांचा जीव घुसमटायचा. गाठोडं पायाला बांधून झोपायची सवय, म्हणून खाटेवर दोरीही ठेवली होती.

द्वारकाबाई दोरीवरून हात फिरवत राहिल्या. अकरा वर्षं त्यांनी प्रत्येक टेबलापुढं तेच सांगितलं होतं.

"भलं होवो पोरी तुझं," त्या म्हणाल्या. "मग आज दुसरं काही सांगू? फुगडीत मला अख्ख्या गावात कुणी हरवलं नाही."