एकवीस खडे

शाळेनं घालवून दिलेली आठ वर्षांची चांगुणा नगरच्या डॉक्टरांच्या फरशीवर, आईनं दुष्काळी कामावरून आणलेले एकवीस खडे ओळीनं मांडून गुमान बसली होती. "पोर शांत आहे, आजारबिजार नाही," म्हणत त्यांनी पेनाला टोपण लावलं. "रोग न्हाई म्हंजी बाहेरचंच हाय," बाप उठला. "अमुशाला भगताचा चाबूकच हिला बोलती करील." मागच्या अमावास्येचे वळ पोरीच्या झंपराखाली अजून ओले होते. खड्यांच्या ओळीला आईनं कुणाचा पाय लागू दिला नव्हता. आज तिनंच लाथ मारली. चांगुणा किंचाळली, भिंतीवर डोकं आपटू लागली. आवळून धरणाऱ्या आईच्या मनगटाचा तिनं लचका तोडला. "असं हुतं हिला, दाक्तरसाहेब," आई म्हणाली. "आता तपासा." डॉक्टरांनी टोपण काढलं. आई रक्ताळल्या हातानं पुन्हा ओळ मांडू लागली. कुठला खडा कुठं, तिला तोंडपाठ होतं.