सहाचं राष्ट्रगीत

राष्ट्रगीत सुरू झालं तेव्हा यामिनच्या हातात एका जर्मन पाहुण्याचा डावा पाय होता. तिने तो अलगद पाटावर ठेवला, तेलाचे हात पुसले आणि ती उठून उभी राहिली. थायलंडातल्या आमच्या बेटावर संध्याकाळी सहाला भोंग्यावर राष्ट्रगीत लागतं आणि जो तो असेल तिथे थांबतो. धक्क्यासमोरचा अख्खा बाजार थांबला. मासे तळणारे थांबले, मासे तेवढे तळत राहिले. परदेशी कामगारांचे कागद तपासत आलेले दोन पोलीस शेजारच्या दुकानाच्या दारात पोचले होते. तेही थांबले, यामिनच्या उघड्या दुकानाकडे तोंड करून.

यामिनच्या डोक्यावर पाटी होती : अस्सल थाई मालिश. त्यातलं मालिश अस्सल होतं. यामिन ब्रह्मदेशातली, दवेईकडची.

बेटावर उतरल्यापासून ती काम शोधत हिंडली होती. हॉटेलवाले म्हणत, आधी कागद आण. कागदवाले म्हणत, आधी मालक आण. मग तिने बिनकागदी कोळंबी सोलली, बोटांची सालं निघाली, आणि एक दिवस ती उबोनताईच्या मालिशच्या दुकानासमोर येऊन उभी राहिली.

"ताई, कसलंही काम चालेल."

"काम आहे गं. पण ते थाई पोरीचं आहे. परदेशी बाईने मालिश करायचं नाही असा कायदा आहे. आणि माझ्याकडच्या या दोघी सोडल्या तर थाई पोरींना हल्ली कुणाचे पाय धरायला नको वाटतं."

"मग मी थाई होते."

"पावडर लावण्याइतकं सोपं आहे का ते? आधी गालावरचा तो चंदनासारखा लेप धू. लांबून ब्रह्मदेश दिसतो."

लेप गेला. लुंगी गेली. पान सुटलं, ते सगळ्यात अवघड गेलं. यामिनची नुई झाली. दुपारी गिऱ्हाईक नसलं की उबोनताई परीक्षा घ्यायची.

"कुठली गं तू?"

"पलीकडच्या किनाऱ्यावरची. नाखोनची."

"आई काय करते?"

"रबराच्या बागेत चीक काढते."

"आणि बाप?"

"दारू पितो."

"शाब्बास. बाप अगदी पटण्यासारखा झालाय."

उबोनताईने शिकवलं नाही ते यामिनने स्वतःच मोबाईलवर, शाळकरी पोरांचे व्हिडिओ बघून बघून घोटलं. तिला घोटणं भाग होतं. तिचा भाऊ असाच इथे पकडला गेला आणि बोटीत बसवून परत पाठवला गेला. ब्रह्मदेशातल्या धक्क्यावर सैन्यभरतीवाले उभेच होते. तिथूनच त्याला पलटणीत नेलं. घरी त्याची नुसती टोपी आली. आता भरतीवाले मुलीही नेतात, असं आईने कळवलं होतं, आणि तू येऊ नकोस, असंही.

राष्ट्रगीत चालू होतं. तेवढ्यात मागच्या दारातून शेजारच्या खाणावळीतला भांडीवाला डोकावला. तोही दवेईकडचाच.

"पळ गं! गाणं संपेपर्यंत हे हलत नाहीत!" तो दबक्या आवाजात म्हणाला, आणि स्वतः पळालाही. त्याच्यामागे आणखी दोघे. ओले हात झटकत तिघे वाळूवरून पळत गेले. पोलिसांना ते स्पष्ट दिसत होतं. पण राष्ट्रगीत म्हणजे राष्ट्रगीत. थोरल्या पोलिसाने मान जागेवर ठेवून नुसत्या डोळ्यांनी त्यांना माडांपर्यंत पोचवलं.

मागचं दार उघडं होतं. यामिनचे पाय निघालेच होते. नुईने ते धरून ठेवले. पळते ती ब्रह्मी, उभी राहते ती थाई. पाठ ताठ, हात बाजूला, नजर समोर. तिचे ओठ हलत होते. घाबरलेलं माणूस देवाचं नाव घेतंय, असंच कुणालाही वाटलं असतं.

गाणं संपलं. बाजार पुन्हा बोलायला लागला. पोलीस आत आले.

"या, दादा," उबोनताई म्हणाली. "पाय चेपून देऊ का?"

"पाय नंतर. पोरी कुठल्या?"

"घरच्याच हो सगळ्या. ही माझी भाची."

थोरल्या पोलिसाने यामिनकडे पाहिलं. "नाव?"

"नुई."

"गाव?"

"नाखोन."

"बाप काय करतो?"

"दारू पितो."

पोलीस मोकळेपणाने हसला. "माझाही तेच करायचा." मग त्याने दाराकडे बोट केलं. "चल, चपला घाल."

यामिनला आधी ते कळलंच नाही. कळलं तेव्हा ती खाली बसली. धाकट्या पोलिसाने तिला दंडाला धरून उठवलं. ती थाईमध्ये म्हणाली, "दादा, मला बोटीत बसवू नका. तुरुंगात टाका." उच्चार आताही कुठे चुकला नाही.

"अहो, तिचं चुकलं काय?" उबोनताई मध्ये आली. "एक शब्द तरी वाकडा बोलली का?"

"छे. माझ्या बायकोपेक्षा शुद्ध बोलते."

"माझा उजवा पाय?" जर्मन पाहुण्याने खुर्चीतून विचारलं. उबोनताईने त्याला हातानेच थोपवलं.

"मग कशावरून नेताय तिला?"

थोरला पोलीस दारात थांबला. त्याला घाई नव्हती. पळणारे केव्हाच पळाले होते.

"ताई, मघाशी तुम्ही कान कोरत होतात. तुमच्या त्या दोघी पोरी मोबाईलमध्ये होत्या. मी मनातल्या मनात त्या भांडीवाल्यांना शिव्या घालत होतो. ही एकटी पहिल्या ओळीपासून शेवटच्या शब्दापर्यंत गात होती," तो म्हणाला. "मला दुसऱ्या ओळीपुढे येत नाही. राष्ट्रगीत एवढं पाठ असायला माणूस बाहेरचाच लागतो."