रुक्माबाईचं झाड

"चढ लागला बाबा! आता दमानं बोलतो," मोबाइलमधून प्रफुल धापा टाकत म्हणाला.

बकारामची सायकल सपाटीलाच होती, तरी धडधड लेकापेक्षा त्यालाच जास्त. सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी कापून त्यानं मोबाइल हँडलला बांधला होता. पडद्यावर प्रफुलचं लाल हेल्मेट, मागं फ्रान्समधल्या टेकड्या, अन् टेकड्यांवर पार माथ्यापर्यंत द्राक्षांच्या ओळी. तिकडं नुकतंच उजाडलं होतं. इकडं नवेगाव बांधच्या रस्त्यावर ऊन चांगलंच तापलं होतं.

कल्पना पोराचीच. दर रविवारी तो तिथं सायकलीवर घाट चढायला जातो. आज म्हणाला, बाबा, तुमीबी निघा. मी मिशेलच्या मळ्यात पोचतो, तुमी आपल्या मोहाच्या झाडाखाली पोचा. मिशेल म्हणजे त्याच्यासोबत सायकल मारणारा म्हातारा, द्राक्षांची दारू गाळणारा. आपल्याकडच्या मोहाच्या दारूसारखं तिकडं त्याबद्दल कोणी पोलिसात देत नाही, उलट लांबून पाहुणे येतात म्हणे! प्रफुलनं त्याला आपल्या घरच्या मोहाचं सारं सांगून ठेवलं होतं. झाड आईचं, फुलं वेचून, विकून तिनंच आपल्याला शिकवलं. आता म्हाताऱ्याला ते झाड पाहायचं होतं.

अन् झाड होतं कुठं? दिवाळीनंतर बकारामनंच ते पाडलं होतं. सावलीनं शेतातल्या बांधीतला धान भरत नव्हता, कडेच्या धुऱ्याशी हार्वेस्टर वळत नव्हता, अन् बायको रुक्माबाई गेल्यावर फुलं वेचणार कोण? कारणं सगळी खरी होती. पण पोराला सांगायचं म्हटलं की जीभ टाळूला चिकटायची. आज सांगू, उद्या सांगू म्हणता म्हणता मोह फुलायचे दिवस आले.

आपल्या बांधीकडचं वळण आलं. बकारामनं ते सोडलं अन् सायकल सरळ पुढं काढली.

"बाबा, मागं तळं काऊन दिसून रायलं?"

"नहर फुटला तिकडं, रस्त्यावर पाणी. फेऱ्यानं जाऊन रायलो," बकाराम म्हणाला. एक खोटं बोललं की दुसऱ्याला वाट सापडतेच.

तळ्याच्या पुढं गावातल्याच धुरपताचा मोह होता. खालची जागा झाडून लख्ख केलेली, वर फुलांचा सडा, अन् धुरपता टोपली घेऊन वाकलेली. या भागात मोह ज्याचा त्याचा. दुसऱ्याच्या झाडाखालचं एक फूल कोणी उचलत नाही; उचललं तर गावात तोंड दाखवायची सोय नाही. बकारामनं सायकल टेकवली, मोबाइल सोडला अन् झाडाकडं फिरवला.

"हे पाय झाड."

पलीकडं प्रफुल पोचला होता. सायकलीवरून उतरून तो डोळे बारीक करून पाहू लागला. "धुरपताकाकी? आपल्या मोहाखाली?"

बकाराम घाईनं म्हणाला, "मीनंच म्हटलं तिले, वेच म्हणून. पडून सडण्यापरीस बरं."

"बेस केलं बाबा! आईले बरं वाटलं असतं. काकी, वेचा खुशाल, तुमचंच समजा!"

धुरपता सरळ झाली. तिचंच झाड तिला दान मिळत होतं! या बाईची जीभ अशी की तिच्या दारावरून जाताना सरपंचसुद्धा खाली पाहून चालायचा. बकारामनं एका हातानं मोबाइल धरला अन् दुसरा जोडल्यासारखा छातीशी नेला. तिनं त्याच्याकडं पाहिलं. तोंडाशी आलेलं तिनं गिळलं.

"हो रे बाबू," ती म्हणाली. "सुखी राय."

पडद्यात एक पांढऱ्या केसांचा माणूस पुढं आला. त्यानं हेल्मेट काढून हातात घेतलं अन् झाडाकडं पाहतच राहिला. मग काहीतरी बोलला. बोलता बोलता त्याचा आवाज फाटला अन् त्यानं बाहीनं डोळे पुसले.

"काय झालं त्याले?" बकारामनं विचारलं.

"काई नाई बाबा. या मळ्यातल्या जुन्या वेली त्याच्या आजानं लावल्या होत्या. माल कमी लागते म्हणून त्यानं सगळ्या उपटल्या, नव्या लावल्या. म्हणते, हा चढ चढून वर आलो का अजूनबी रडू येते." प्रफुल थांबला. "म्हणते, तुझा बाप भाग्याचा. त्यानं झाड राखलं."

बकारामचं तोंड उघडलं. दोनच शब्द होते, मीनंबी पाडलं. सात समुद्रापलीकडच्या त्या अनोळखी म्हाताऱ्याला जे दुःख कळलं असतं, ते गावात कोणालाच सांगता आलं नव्हतं. अन् पोरगा? तो तर त्या म्हाताऱ्याच्या खांद्यावर हात ठेवून उभा होता. रागावला नव्हता. बकाराम मनात स्वतःलाच म्हणत होता, आत्ता बोल बाबा, आत्ता बोल.

त्यानं हसून मान हलवली. "हो," म्हणाला.

"मे महिन्यात येतो बाबा, यालेबी घेऊन. याच झाडाखाली बसू!"

मोबाइल बंद झाला. बकाराम तसाच उभा. धुरपता पुन्हा फुलं वेचू लागली होती. शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"शिव्या देजो बाई. दे, पण बोल."

"शिव्या कायले देऊ?" धुरपता वाकल्या वाकल्याच म्हणाली. "रडाले सोबती भेटला होता तुले, भाऊ. अन् तू हासत उभा रायला."