माहेरचं नाव

चारुशीलाबाईंनी मोबाईलवर 'सुंदरी मगदूम' असं पुन्हा लिहिलं आणि पुन्हा भलत्याच बायका आल्या. कोयनानगरच्या शाळेतली खो-खोची जोडीदार सापडल्याशिवाय त्या हटणार नव्हत्या. "आई, एकाच नावावर अडून बसू नका," कराडच्या कॉलेजात संगणक शिकवणारी सून सई म्हणाली. "आजूबाजूचे शब्दही जोडा, म्हणजे शोध पसरतो." मग सुंदरीचं गाव जोडलं, वडलांचं नाव जोडलं; तरी काही हाती लागेना. "लग्नात नाव बदललं असंल गं तिचं. माझं न्हाई का बदललं?" असं म्हणता म्हणता त्या थबकल्या. आणि त्यांनी स्वतःचंच माहेरचं नाव लिहिलं, वेणू शेडगे. कुणा कीर्ती चौगुलेची जुनी विचारणा समोर आली: 'वेणू शेडगे कुणाला ठाऊक हाय का?' शेजारच्या फोटोतल्या हनुवटीवरचा वण चारुशीलाबाईंच्याच धक्क्यानं पडलेला होता. चष्मा पुसून वेणूनं खाली लिहिलं, "खो!"