राघूचा डोळा

साळूबाईंनी रुखवतातलं कापड उचललं आणि उलटं केलं.

टेबलाभोवतीच्या बायका पुढं सरकल्या. मलकापूरच्या कार्यालयात नवऱ्या मुलाची, वीरधवलची, आजी रुखवत बघायला आली होती, आणि तिची ही खोड सगळ्यांना ठाऊक होती. भरतकामाची मागची बाजू ती आधी बघायची.

थर्माकोलचा किल्ला, साखरेचं तुळशीवृंदावन, टोपडं घातलेला नारळ, सगळं भाड्यानं आणलेलं. मॅटीचं ते कापड तेवढं घरचं. वर अ पासून ज्ञ पर्यंत अक्षरं, मधे समोरासमोर दोन राघू, खाली निळेपांढरे डोंगर. सगळं बारीक फुल्याफुल्यांनी भरलेलं.

“गाठ न्हाई कुठं. लोंबता दोरा न्हाई,” साळूबाई म्हणाल्या. “फुल्या बगा, परेडला हुब्या केल्यागत. कुणी भरलं म्हनायचं?”

“आमच्या राणीनं,” नवरीची आई हरणाबाई पटकन म्हणाल्या.

त्यांच्या मागं काठीवर भार देऊन उभा असलेला त्यांचा मुलगा सूरज खाली बघू लागला. तो फौजेत होता. सीमेवर गाडी घसरून पाय मोडला, तेव्हा लष्करी दवाखान्यात हिवाळाभर पडून होता. तिथल्या सिस्टरनं त्याच्या हातात सुई दिली. कापड त्यानंच भरलं होतं. पण नवरीच्या हातचं म्हणून एकही वस्तू नाही, आणि जवान पोरगा राघू भरतोय, हे कळलं तर पाव्हणे राणीला जन्मभर ऐकवतील, असं आईनं सकाळीच बजावलं होतं.

साळूबाईंनी कापड सुलटं केलं.

“आमच्या वक्ताला पाव्हणं आलं की आदी भिंतीवरचा राघू बगायचं, मग पोरगी. राघू वाकडा निघाला की च्या पिऊन माघारी.” बायका हसल्या. “पर विहीणबाई, तुमच्या कवठे म्हांकाळात बरफ कवापास्नं पडाय लागला?”

“टीव्हीत बघितला असंल पोरीनं.”

“आन् ह्या राघूला डोळा कुठाय?”

एका राघूला डोळा होता, दुसऱ्याला नव्हता. तिथं काळा दोरा ओवलेली सुई नुसती टोचून ठेवलेली.

“बोलवा नवरीला. एक टाका तर हाय. अक्षतेच्या आदी पुरा करू दे. अर्धं रुखवत आमी न्हेत न्हाई.”

राणी आली. मुंडावळ्या, शालू, कोपरापर्यंत मेंदी. पुण्याच्या कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर हात चालवणाऱ्या राणीनं सुई चिमटीत धरली आणि भावाकडं बघितलं. दोन-तीन मोबाईल वर झाले. तिनं सुई खुपसली, ओढली. नुसती सुई हातात आली, दोरा निसटून कापडातच राहिला.

मागं कुणीतरी फिसकन हसलं.

“मेंदीचा हात हाय, म्हणून,” हरणाबाई म्हणाल्या.

“थांबा, आजी,” सूरज पुढं झाला. “ते मी भरलंय.”

हरणाबाईंनी डोळे मिटून घेतले.

“तू?”

“व्हय. दवाखान्यात. शेवटचा टाका राणीनं घालावा म्हणून ठेवलेला. तिला सवड न्हाई मिळाली.”

साळूबाईंनी त्याला डोक्यापासून काठीच्या टोकापर्यंत बघितलं.

“माजा मालक फौजेत व्हता. बटनं सोता लावायचा. राघू न्हाई कवा काढला.”

पुन्हा हसू फुटलं. साळूबाई हसल्या नाहीत. “मग हुबा का? शिकव तिला.”

सूरजनं दोरा ओवला. “हितनं वर काढ. आता तिरका. आता त्येच्यावरनं असा. वरचा दोरा सगळ्या फुल्यांचा एकाच अंगाला झुकला पायजे, राणे.”

राणीनं ओठ दाबून दोरा ओढला. राघूला डोळा आला.

“दादा, जमलं की रं!” ती ओरडली, आणि बायकांनी टाळ्या वाजवल्या.

तेवढ्यात माईकवरून मुलीच्या मामांना बोलावणं आलं. राणी शालू उचलून धावली. अक्षता घेऊन सगळे स्टेजकडं वळले. मुलीच्या आईनं अक्षता पडताना बघायचं नसतं, म्हणून हरणाबाई टेबलापाशीच राहिल्या. साळूबाईही हलल्या नाहीत, आणि स्टेजकडं निघालेल्या सूरजला त्यांनी हातानं थांबवलं. त्यांनी कापडाची घडी घालून काखेत मारली.

“नाव काय तुजं?”

“सूरज.”

“सैपाक येतो?”

“डाळभात येतो. भाकरी तुटतीया.”

“कुणाचं ऐकून घ्यायची सवय हाय?”

“फौजेत हाय, आजी.”

साळूबाईंनी मान डोलावली आणि गर्दीत हाक टाकली, “अंकिते!”

त्यांच्या लेकीची लेक धावत आली. मुठीत अक्षता, दुसऱ्या हातात मोबाईल. “आज्जे, मंगलाष्टका लागल्या!”

“लागू देत. त्या वीरधवलच्या हायत. तू हितं बग.” मग त्या सूरजकडं वळल्या. “चालून दाखव, बाबा.”

हरणाबाई गडबडीनं पुढं आल्या. “आवं आजी, त्येचा पाय—”

“दिसतोय मला. मला बगाय आल्ते तवा मलाबी चालाय लावलंवतं, चारचौघांत. चाल रं.”

सूरजनं काठी टेबलाला टेकवली. थर्माकोलच्या किल्ल्याचा बुरूज जरासा हलला. त्यानं एक पाऊल टाकलं, डावा पाय ओढून बरोबर आणला, दुसरं टाकलं. मान वर होती. कान लाल झाले होते.

स्टेजवर ‘सावधान’ झालं. सगळ्या कार्यालयातून अक्षता उडाल्या.

अंकिताच्या मुठीतल्या तेवढ्या मुठीतच राहिल्या.