पहिल्या पानावरचं कुंकू

मध्यभारत संपला, राजधानी भोपाळला गेली आणि कचेरीबरोबर विनायकरावांनाही जावं लागलं. मागे राहिलेल्या बायकोचा, कुसुमचा, वेळ जावा म्हणून देवास गेटच्या कबाड्याकडून वह्या दाबायचं लोखंडी यंत्र तेवढं ते आणून देऊन गेले.

कुसुमनं कोरे कागद शिवले, पाठीला खळ लावली आणि वही यंत्रात घालून दांडा गच्च पिळला. दुपारी तिच्या लक्षात आलं, पहिल्या पानावर कुंकवाचं श्री काढायचं राहूनच गेलंय.

"मग आता काढ की," सासूबाई म्हणाल्या.

तिनं दांडा सैल करून वही उघडली. पहिल्या पानावर लालभडक श्री होतं, अजून ओलं.

"आई, तुम्ही काढलंत?"

"पागल झालीस काय! तुझे मामंजी गेल्यापासून मी कुंकवाला बोट तरी लावलंय का गं?"

कुसुम धावत फडताळाशी गेली. सकाळीच काठोकाठ भरलेला करंडा रिकामा होता, घासूनपुसून ठेवल्यासारखा लख्ख. तो तसाच हातात धरून ती वळली.

सासूबाई तिच्या कपाळाकडे बघत होत्या.

कुसुमनं कपाळावरून बोट फिरवलं. बोटाला काहीच लागलं नाही.