हिल्काकाकूचे कान

"तुझं ते यंत्र माझ्या घरात राहतं का?" हिल्काकाकू म्हणाली. "नाही ना? मग ठरवणार मी."

शिकारी मंडळाचा अध्यक्ष औलिस. त्यानं आवाज मोजायचं यंत्र पेटीत घातलं. तळ्यापलीकडचं नेमबाजीचं मैदान काकूच्या जमिनीवर होतं आणि बंदुकांनी डोकं उठतं म्हणून ती ते बंद करायला निघाली होती.

पूर्वी तिचं काही म्हणणं नसे. शिकारी सकाळभर बार काढायचे नि तिच्याच ओट्यावर कॉफी ढोसायचे. मंडळानं मैदानावर स्वतःची झोपडी नि चूल केली, तेव्हापासून हे डोकं उठणं सुरू झालं.

"बंदुकीला चांगला सायलेन्सर लावला तर?" औलिसनं विचारलं.

काकू त्याच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. बोलणाऱ्याकडे ती अशीच बघते. गावात तिच्यापुढे थाप मारायची कुणाची छाती नाही.

"एकेक लावून बार काढा. ऐकू आला की घंटा वाजवीन. जो ऐकू येणार नाही, तो वापरा. सगळे ऐकू आले तर मैदानाची किल्ली इथं आणून द्यायची. सगळ्यांनी यायचं!"

आराखडा सौनात, वाफेत बसून ठरला. बंदूक एकच. गोळ्या एकाच खोक्यातल्या, मंद वेगाच्या, कमी आवाजाच्या. वारा पडल्यावरच बार. सायलेन्सर तीन: दुकानातला, मंडळाचा जुना आणि रौनो मिस्त्रीनं ट्रॅक्टरच्या धुराड्यातून घडवलेला.

"माझा लावलात तर बंदूक नुसती उचकी देते," रौनो म्हणाला.

"आणि एक पाळी रिकामी," औलिस म्हणाला. "बारच काढायचा नाही. म्हातारी उगाच घंटा बडवते का, ते कळेल."

"लबाडा!" रौनो म्हणाला. "शाळेत कुठं होतं हे डोकं?"

ठरल्या दिवशी काकू ओट्यावर खुर्ची टाकून बसली. हातात घंटेची दोरी. तिच्या बुटावर हनुवटी टेकून तुर्रे, शिकारीतून निवृत्त झालेला कुत्रा.

दुकानातला सायलेन्सर. गोठलेल्या तळ्यावरून घंटेचा आवाज आला.

मंडळाचा. घंटा.

रिकामी पाळी. सगळ्यांनी श्वास रोखले. घंटा गप्प.

मग रौनोचा. फांदीवरची खार जागची हलली नाही. शेजारी उभ्या औलिसनं विचारलं, "गोळी सुटली का रे?"

आणि घंटा वाजली.

रौनोनं टोपी काढली. "सबंध फिनलंडात असे कान नाहीत, औलिस. माझी नळी हरली, पण ज्याच्यापुढे हरली ते माणसाचं काम नव्हे."

चर्चमधून निघावी तशी मंडळी एका रांगेत तळं ओलांडून आली. ओट्यावर कप मांडलेले, प्रत्येकाला एक. वेलचीच्या पावाला अजून वाफ होती. काकू पाठमोरी उभी.

"हिल्का, जिंकलीस तू," मफलरमधूनच औलिस म्हणाला. "ही घे किल्ली."

ती वळली नाही. तुर्रेनं नाकानं पोटरीला ढुशी दिली, तेव्हा वळली.

"किल्ली ठेव खिशात, नि मफलर खाली घे आधी. ओठ दिसल्याशिवाय मला काय कळणार? बसा सगळे. आणि पावाचा पहिला तुकडा तुर्रेला. ऐकायचं काम सगळं त्यानंच केलंय."